मधली कोरडी जागा

रेडमंड
८ जानेवारी १९९७

पायलच्या पप्पांना,
सप्रेम जय भीम.

पाकीट बघून दचकू नका, सगळं खुशाल आहे. रविवारीच फोन झाला आणि लगेच हिला पत्र काय सुचलं, असं वाटेल तुम्हाला. पण तुम्ही फोनवर बोलता कुठे? जेवलात का विचारलं की हं. अर्विंगला थंडी आहे का, हं. नवीन ऑफिस बरं आहे का, तर जरा लांब हं. कार्डातली मिनिटं अशी हुंकारात जाताना माझा जीव वरखाली होतो. माझ्या वहीत स्टँप 'टपाल' सदरात जातो आणि फोनचं कार्ड 'चैन' सदरात. चैनच करायची तर निदान समोरचं माणूस बोललं तरी पाहिजे.

आणि लेक तुमच्यावर गेली आहे. "हाय पप्पा, हिअर्स आई." झालं! रिसीव्हर माझ्या हातात.

इथलं ऑफिस बंद झालं म्हणून तुम्ही टेक्सासला, अर्विंगला निघालात त्या सकाळी गाडीच्या डिकीपाशी तुम्हा दोघांचं जे झालं ते मी पुन्हा उगाळत नाही. फक्त काय ठरलं ते नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मागे फिरायला नको. तुम्ही म्हणालात, ही दमली की सोडते. डान्स सोडला, व्हायोलिन सोडलं, पोहणं सोडलं, आता हे बर्फावर घसरणंही सोडेल. ती म्हणाली, "यू डोन्ट इव्हन नो मी." मग तुम्ही अट घातलीत. फेब्रुवारीतली ती तीस किलोमीटरची शर्यत तिनं पुरी केली तर आम्ही मायलेकींनी जूनपर्यंत, तिचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत, इथंच राहायचं. मधेच सोडली तर मार्चमध्ये घर आवरून अर्विंगला यायचं. ती म्हणाली "डील", तुम्ही म्हणालात "डील". मी मधे उभी, हातात तुमचा प्रवासाचा डबा. मला कुणी विचारलं नाही. असो.

तुम्ही कधी वर घाटात आला नाहीत म्हणून सांगते, हे डोंगरावरून सुसाट खाली येण्याचं स्कीइंग नव्हे. यात सपाटीवर आणि चढावरही आपल्याच पायांनी जायचं असतं. एका पायावर पुरतं वजन टाकायचं, मागे ढकलायचं, आणि दुसऱ्या पायावर जमेल तितकं लांब सरकत राहायचं. हातात दोन काठ्या. लांबून बघितलं तर मुलं चालताहेत की तरंगताहेत कळत नाही. मी थर्मास घेऊन झोपडीवजा खोलीत बसते आणि काचेतून बघते. खाली रेडमंडात नुसता पाऊस, आणि तासाभरावर हे पांढरं जग.

त्यांच्या कोच डॉटबाई साठीच्या आहेत, पण पिंढऱ्या बघाल तर पोस्टमनच्या. परवा त्यांनी सगळ्या आईबापांना घरी बोलावून व्हिडिओ दाखवला. मुलांची पहिली फेरी आणि लगेच त्याला जोडून शेवटची फेरी. पहिल्या फेरीत आपली पायल सरळ, मान वर, कंबर पुढे. एका पायावर सरकते आहे तर सरकतेच आहे, तळ्यावरून बगळा जावा तशी. शेवटच्या फेरीत टीव्हीवर दुसरीच कोणी बाई आली! खुर्चीत बसल्यासारखी कंबर मागे पडलेली, हनुवटी छातीत, वजन दोन्ही पायांच्या मधेच कुठेतरी. पाय मागे ढकलते तर तो नुसताच घसरतो. पावलं भराभर, पण जागा काही सुटत नाही. काठ्यांनी ढकलायचं सोडून त्यांच्यावर टेकूनच चालली आहे. मी इंडियन स्टोअरमधून दोन हातांत तांदळाच्या दोन पिशव्या घेऊन येते ना, तश्शी.

"आई, डोन्ट लुक," म्हणून पायलनं उशीत तोंड खुपसलं.

डॉटबाई म्हणाल्या, यात आळशी कोणी नाही. दमलं की आधी अंगाची ठेवण बिघडते, मग वेग जातो, आणि मुलांना वाटतं ताकदच संपली. मग ती आणखी जोर लावतात आणि ठेवण आणखी बिघडते. अशा वेळी जोर लावायचाच नाही. उलट जरा हळू व्हायचं, उभं राहायचं, कंबर पुढे आणायची, आणि तेवढी एकच गोष्ट धरून ठेवायची. बाकीचं सुटलं तरी चालेल. मला तर आपल्या नागपूरच्या भंतेजींचं ध्यान शिकवणंच आठवलं. मन पळालं तर ओढाताण नको, श्वासापाशी परत या, म्हणायचे.

ही फेरी तुम्ही बघायला हवी होती. डब्यात लोणचं आहे ते रोज खाऊ नका, पित्त होईल.

तुमची
पंचशीला


रेडमंड
२७ जानेवारी १९९७

पायलच्या पप्पांना जय भीम.

तुमचं पत्र पोचलं. चार ओळी, त्यातल्या दोन हवामानाच्या. तरी बरं वाटलं. पत्रात हं लिहिता येत नाही हा एक फायदा.

तेवीस तारखेला पौर्णिमेची वंदना आपल्याकडे झाली. राजीव आणि सीमा आले होते, त्यांचा देवांग पण. बुद्धवंदना झाल्यावर देवांग मला विचारतो, "काकू, मेणबत्तीचे तुकडे तुम्ही का ठेवता? जस्ट थ्रो देम." मी म्हटलं, बाळा, त्रिशरण पंचशील ऐकलेलं मेण आहे ते, कचऱ्यात कसं टाकू? सीमा हसून म्हणाली, "वहिनी, खरं सांगा, श्रद्धेनं ठेवता की काटकसरीनं?" मी म्हटलं, ते दोन वेगळे असतात हे मला आजच कळलं. बिस्किटांचा मोठा डबा भरत आलाय. कशाला तरी लागेलच.

पायल आता रोज शाळेनंतर पळते, रविवारी घाटात. तिच्या खाण्यातही डॉटबाईंनी लक्ष घातलंय. भूक लागायच्या आधी खायचं म्हणे. भूक लागली म्हणजे उशीर झाला, पाय मग कुणाचं ऐकत नाहीत. मी दाण्याचे लाडू करून देते. सगळी टीम खाते आणि त्याला 'पायल्स मॉम्स बॉल्स' म्हणते. मला आवडलं नाही, पण चार वेळा मागून नेतात.

काल गाडीतलं आमचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"पप्पांचं लेटर आलं?"

"आलं."

"माझ्याबद्दल काही?"

"विचारलंय ना. पायल जेवते का."

"दॅट्स इट?"

"आणि हवामान."

"आमचं की त्यांचं?"

"त्यांचंच."

ती खिडकीबाहेर बघत हसली. मग पाच मिनिटांनी म्हणते, "ही थिंक्स आय एम अ क्विटर. आई, मी डान्स सोडला कारण मला बोअर झालं. मी दमून काहीच सोडलं नाही. टायर्ड अँड बोअर्ड आर नॉट द सेम." मी म्हटलं, हे त्यांनाच सांग. "ते हं म्हणतील."

माझ्या गुडघ्याला थोडं लागलंय, गॅरेजच्या पायरीवर. हळद लावली आहे. काळजी नको.

तुमची
पंचशीला


रेडमंड
२० फेब्रुवारी १९९७

अहो,
जय भीम.

तुमचं पोस्टकार्ड काल आलं आणि मी ते चार वेळा वाचलं. वर काउबॉयचं चित्र, मागे तुमचं बारीक अक्षर. "पायल सपाटीवर डबल पोलिंग करते का? त्यात दंडाने नव्हे, पोट आणि पाठ वापरून ढकलावे लागते."

हा शब्द मी तुम्हाला कधी लिहिला नव्हता. मला तो माहीत आहे, कारण दोन्ही काठ्या एकदम टेकवून, कमरेत वाकून, पाय न हलवता पुढे जायचं म्हणजे ते, आणि मुलं सारखा तो बोलतात. पण तुम्हाला अर्विंगमध्ये कुणी सांगितला? तिथं तर बर्फ पेल्यातच मिळतो. मग लक्षात आलं. पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात जांभळा अर्धा शिक्का उमटलाय, पब्लिक लायब्ररीचा. ओल्या शिक्क्यावर कार्ड ठेवलंत वाटतं.

मी पायलला अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी आम्ही विनथ्रॉपला निघणार, शनिवारी तिथं शर्यत. तिच्या डोक्यात आता दुसरं काही घालायला नको.

आता तुमचं निघालं तर माझंही सांगून टाकते. गुडघ्याला पायरीवर लागलेलं नाही. डॉटबाईंनी एक दिवस क्लबातली पडून राहिलेली जुनी स्की माझ्या पायात घातली. पंजाबी ड्रेसवर तुमची जुनी पँट, वर रेनकोट. मी त्या झोपडीभोवती तीन चकरा मारल्या. पहिल्या चकरेत वाटलं, यात काय आहे. दुसरीत कळलं काय आहे ते. तिसरीत गुडघ्यांनी वाकायचं नाकारलं, म्हणून मी कमरेत वाकले, मान खाली गेली, दोन्ही काठ्या म्हातारीसारख्या धरल्या आणि ओणवीच होऊन पडले. पडल्या पडल्या मला पायलचा शेवटच्या फेरीतला व्हिडिओ आठवला. अहो, अगदी तसंच! आळशी म्हणायची सोय नाही. आपण चांगलं करायचं ठरवतो आणि शरीर आपलं आपण वेगळंच करून बसतं.

आज एक काम केलं त्यानं मात्र समाधान वाटलं. काल पायलनं गॅरेजमध्ये स्कीला मेण लावलं. खालच्या बाजूला मेण वितळवून इस्त्रीनं पसरवतात, म्हणजे स्की सरसर जाते. आज ती शाळेत असताना मी स्की पुसायला घेतल्या आणि बघते तर काय, पुढे मेण, मागे मेण आणि मधे चांगली हातभर जागा कोरडी! दोन्ही स्कींना तेच. अर्ध्यावरच झोप आली असेल बिचारीला. पोळीला कडेकडेनं तेल लावून मधे कुणी कोरडी ठेवतं का? म्हणून मी जुनी इस्त्री काढली आणि वंदनेच्या मेणबत्त्यांचे ते तुकडे वितळवून दोन्ही स्कींची मधली जागा भरून काढली. मन लावून, त्रिशरण म्हणत. आता बोट ठेवलं तर घसरतं. तिला सांगणार नाही, उगाच ओशाळेल.

शनिवारी माघ पौर्णिमा आहे. माझं अष्टशील आहे, म्हणजे दुपारनंतर जेवण नाही आणि पांढरी साडी. आणि मला काम दिलंय वाटेतल्या सूपच्या टेबलावर! डॉटबाई म्हणाल्या, "पांचा, पांढऱ्या साडीत तू आम्हाला उन्हाळ्यातच सापडशील." म्हणून नारिंगी बंडी दिली आहे, रस्ता खोदणारे घालतात तशी.

तुमच्या शब्दाला तुम्ही पक्के आहात, ती तिच्या. मला दोघांचंही भय वाटतं. पुस्तक परत करायची तारीख चुकवू नका, दंड लावतात.

तुमची
पंचशीला


रेडमंड
२४ फेब्रुवारी १९९७

अहो,

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "काय झालं शर्यतीचं?" आणि मी म्हटलं, "हं. पत्रात लिहिते." कसं वाटलं? पायल झोपली होती हे खरं आहे. पण जागी असती तरी मी तेच केलं असतं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, क्रमानंच सांगायला हवं.

दुपारी बारा वाजता सुटले सगळे. पंधरा किलोमीटरच्या वाटेवरून दोनदा जायचं, म्हणजे आमच्या टेबलावरून प्रत्येक जण दोनदा जाणार. माझ्याबरोबर हॅरल्ड नावाचे आजोबा होते, सत्तरीचे, त्याच गावातले. ते सूप ढवळत होते, मी पेले भरत होते. बारा वाजायच्या आत माझं जेवण उरकलं होतं. पुढे दिवसभर दुसऱ्यांना खाऊ घालायचं आणि आपण वास घ्यायचा. शील पाळायला एवढी चांगली जागा मी आजवर बघितली नव्हती.

पहिल्या खेपेला पायल आली तेव्हाच तिच्या ओळखीच्या मुली केव्हाच्या पुढे गेल्या होत्या. लाल झाली होती. दोन घोट पाणी प्यायली, "नो किक, आई," म्हणाली आणि गेली. लाडू तसाच माझ्या हातात. मला वाटलं लाथ म्हणजे कोणाला? हॅरल्ड आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

मग वाट बघणं. सगळे दुसऱ्यांदा जाऊ लागले. म्हातारे गेले, एक बाई गाणं म्हणत गेली, एक बाप मुलीच्या मागे तिला हसवत गेला. मग कोणीच येईना. सूप गार होऊ लागलं. मी मनातल्या मनात सुत्त म्हणत होते, पण डोळे वळणावर.

आणि ती आली. तुम्हाला कसं सांगू! व्हिडिओतली शेवटची फेरी बरी म्हणायची. कंबर पार मागे, मान खाली, पाय मागे ढकलायचा प्रयत्न करते आणि तो रिकामाच मागे जातो, जसं काही खाली साबण पसरलाय. चढ तर ती नुसत्या हातांनी चढली असावी, दंड थरथरत होते. टेबलापाशी येऊन तिनं काठ्या बर्फात टाकून दिल्या आणि बसली.

"आय एम डन, आई. मी सोडते. पप्पांना सांग, ही वॉज राइट."

हॅरल्ड आजोबा तिच्या पायाशी वाकले, स्की उचलून उलटी केली आणि मधल्या भागावर अंगठा फिरवला. मग नाकाशी नेला.

"हिला मेण कुणी लावलं?"

"मी लावलं," पायल म्हणाली. "पुढे आणि मागे. सकाळी डॉटनं मधे किक वॅक्स लावलं. ते गेलं सगळं."

"जाणारच. त्याच्या खाली कुणीतरी इस्त्रीनं घसरतं मेण बसवलंय. मधे चिकट मेण लागतं, पोरी. पाय दाबला की तेवढीच जागा बर्फाला धरते आणि तुला ढकलायला आधार मिळतो. घसरत्या मेणावर ते टिकतच नाही. तू ही सगळी वाट पकडीशिवाय आलीस. बिनापकडीचा माणूस दुप्पट दमतो, आणि दमला की उरलंसुरलं तंत्रही जातं."

मी हातातला पेला टेबलावर ठेवला.

"मधलं मी केलं," मी म्हटलं.

पायलनं मान वर केली. "आई?"

"कोरडं राहिलं होतं गं. मला वाटलं तुला झोप आली. पोळीला कुणी मधे..."

"कशानं केलंस?"

"वंदनेच्या मेणबत्त्यांनी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. पांढरी साडी, वर नारिंगी बंडी, हातात लाडू. मग तिचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं आता रडते. आणि ती जी हसायला लागली! पाठीवर आडवी पडून, स्की वर आभाळात करून. "ओ माय गॉड, आई! मी बुद्धाच्या कँडल्सवर इतके किलोमीटर... नो वंडर आय वॉज सो पीसफुल!" हॅरल्ड आजोबांना अर्थ कळला नाही, पण तेही हसले. मग मला पण आवरेना, डोळ्यांतून पाणी मात्र वेगळ्याच कारणानं.

मी म्हटलं, "ऊठ. गाडीत बस. चूक माझी आहे, ही शर्यत धरायचीच नाही. पप्पांना मी सांगते."

तिचं हसू थांबलं. "ते म्हणतील, बहाणा. ते म्हणतील दमली आणि सोडलं."

तेव्हा मी सांगितलं. त्याहून बरी वेळ मला दिसली नाही. "तुझे पप्पा लायब्ररीतून स्कीइंगचं पुस्तक आणून वाचताहेत."

"व्हॉट?"

"पोस्टकार्डात लिहिलंय. डबल पोलिंग पोट आणि पाठ वापरून करायचं, नुसत्या दंडानं नाही."

"पप्पांनी? टेक्सासमध्ये?"

"टेक्सासमध्ये."

"तिथे स्नो तरी आहे का?"

"फ्रीजमध्ये असेल."

ती उठून बसली. लाडू माझ्या हातातून घेतला आणि दोन घासांत खाल्ला, मग दुसरा. वर सूप प्यायली. आणि म्हणाली, "स्क्रेपर आहे कुणाकडे?"

हॅरल्ड आजोबांच्या खिशात चिकट मेणाची डबी होती, पण खरवडायचं साधन नव्हतं. मी पर्समध्ये हात घातला. तुम्ही मला नेहमी हसता ना, की संपलेली फोनकार्डं रबर लावून कशाला ठेवतेस? कडक प्लॅस्टिक आहे, कधी तरी उपयोगी पडतं, म्हणून! सगळा गठ्ठा तिच्या हातात दिला. ती स्की मांडीवर घेऊन खरवडू लागली. पांढऱ्या मेणाच्या साली बर्फावर पडत होत्या आणि दिसतही नव्हत्या. एक कार्ड मोडलं, दुसरं घेतलं.

"हे कधीचं?" तिनं विचारलं.

"डिसेंबरचं. 'हाय पप्पा, हिअर्स आई', त्यातलं."

त्यानंतर ती जरा जपून खरवडत होती.

मग तिनं स्वतःच डबीतलं मेण मधल्या जागेला चोळलं, तळव्यानं घासून गुळगुळीत केलं, आणि उभी राहिली. पहिली दोन पावलं घसरलीच. तिसऱ्या पावलाला मी बघितलं, पाय मागे गेला आणि धरला! स्की पुढे सरकली. फार लांब नाही हो, आधीचा बगळा तो कुठला आता. पाय थकलेलेच होते. पण तिनं मान वर केली, कंबर पुढे घेतली, आणि घाई केली नाही. एक पाऊल, सरक, मग दुसरं. एकच गोष्ट धरून ठेवली होती, मला पाठीमागून दिसत होतं. वळणावर सपाटी लागली तेव्हा दोन्ही काठ्या एकदम टेकवून पोटातून वाकली. तुमचं पोस्टकार्ड तिथं पोचलं म्हणायचं.

हॅरल्ड आजोबांनी मला त्यांच्या बर्फावर चालणाऱ्या मोटारसायकलवर मागे बसवून शेवटच्या जागेपाशी नेलं. साडी, बंडी, पर्स आणि सूपचं रिकामं पातेलं. याचा फोटो डॉटबाईंनी काढलाय. तो मी पाठवणार नाही.

तिथं मंडळी तोरण काढायला लागली होती. घड्याळ बंद केलेलं. डॉटबाई दोन्ही हात पसरून खांबासमोर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, माझी एक पोर बाहेर आहे, कुणी दोरी सोडायची नाही. म्हणून मग पाच-सहा माणसं तोरण हातानं वर धरून उभी राहिली. मीही एक टोक धरलं. आणि पायल शेवटची आली. खरोखर शेवटची, तिच्यामागे फक्त झाडं. पण आली ती उभी. आमच्या हातांखालून गेली आणि मगच पडली.

तर हा निकाल. अट पुरी झाली. पण एक सांगते, तिनं पुरी केली ती अटीसाठी नव्हे. परतताना गाडीत मी म्हटलं, आता जूनपर्यंत राहता येईल. ती म्हणाली, "ओ राइट, द डील," जणू विसरलीच होती. डोंगरामागून माघ पौर्णिमेचा चंद्र वर आला होता. मला भूक लागली होती, पण सकाळपर्यंत थांबायचं होतं. मग ती म्हणाली, "आई, त्या दिवशी गाडीपाशी... पप्पा पण टायर्ड होते, नं?"

मी म्हटलं, ऑफिस बंद झाल्यापासून तुझे पप्पा महिनाभर झोपले नव्हते. तू परीक्षा आणि प्रॅक्टिस करून अर्धी झाली होतीस. दोघंही शेवटच्या फेरीतले. मान खाली, नुसता जोर. पकड कुणालाच नाही.

"सो नोबडी वॉज लेझी," ती म्हणाली, आणि झोपली.

आता तुमच्यासाठी. एप्रिलच्या सुट्टीत आम्ही दोघी तिकडे येतोय. हे तिनंच काढलं, मी नाही. ते पुस्तक तोवर पुन्हा आणून ठेवा. आणि या रविवारी फोन ती लावणार आहे, स्वतः. मी घरी नसेन, सीमाकडे जाते आहे, म्हणजे रिसीव्हर द्यायला कुणी नको. तिला कशी आहेस विचारू नका, ती 'फाइन' म्हणेल आणि तुम्ही हं म्हणाल. स्कीच्या मधल्या जागेला मेण कोणतं लावतात ते विचारा. मग ऐकत राहा. फार वेळ लागेल.

त्यासाठी नवीन कार्ड घेतलंय, दुकानात होतं त्यातलं सगळ्यात मोठं. वहीत ते 'चैन' सदरात लिहिलेलं नाही. किराण्यात लिहिलंय, तांदूळ आणि तेल यांच्या मधे.

तुमची
पंचशीला